मधली नावं ठरलेलीच असतात, जुळवायचं ते पहिलं

प्रिय पोरी,

लेक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. मुलीच्या नावाला शोभेल असं मधलं नाव कसं निवडावं, असं तू विचारलंस. आपल्याकडे हे गणित उलटं मांडावं लागतं. मधली नावं निवडायला मिळतच नाहीत, ती तुम्हा दोघांची असतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनानं क्रमही ठरवून दिलाय: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. म्हणजे निवडायचं ते पहिलं नाव, आणि तेही मागून येणाऱ्या तिघांशी जमवून घेणारं.

चार नावांत तीन सांधे येतात. त्यातले शेवटचे दोन तुझ्या हातात नाहीत, पहिला तेवढा आहे. मुलींची आपली बहुतेक नावं ‘आ’ किंवा ‘ई’वर संपतात, त्यामुळे आईचं नाव स्वरानं सुरू होत असेल तर जपून. आई अर्चना आणि मुलगी मीरा असेल तर भरभर म्हणताना ‘मीरार्चना’ होतं. ही दोन नावं आहेत हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. आता ‘गार्गी अर्चना’ म्हणून बघ. ‘ई’ आणि ‘अ’च्या मध्ये जीभ आपसूक हलकासा ‘य’ घालते आणि दोन्ही नावं सुटी ऐकू येतात.

तसंच एकच अक्षर लागोपाठ दोनदा येऊ देऊ नकोस. ‘रेवा वासंती’ म्हणताना जीभ अडखळते. ‘सानिका कांचन’मधला ‘काका’ आणि ‘रमा मालती’मधला ‘मामा’ वर्गातली मुलं पहिल्याच हजेरीला शोधून काढतात, आणि मग ते चिडवणं वर्षभर पुरतं. यमकही नको. ‘अवनी यामिनी’ दोनदा म्हणून बघ, कोणतं नाव आईचं आणि कोणतं लेकीचं हे तुझं तुलाच पटकन सांगता येणार नाही.

आणि फक्त चारही नावं एकत्र म्हणून थांबू नकोस. दहावीच्या गुणपत्रिकेवर आजवर आडनाव आधी, मग मुलीचं आणि वडिलांचं नाव येत आलंय, आईचं वेगळं छापतात. म्हणजे अशा कागदावर लेकीचं नाव थेट वडिलांच्या नावाला भिडतं. पुढे नोकरीत नुसतं नाव आणि आडनाव राहतं. म्हणून तीन वेळा म्हणायचं: आईच्या नावासोबत, वडिलांच्या नावासोबत आणि नुसत्या आडनावासोबत. मनात नाही, मोठ्यानं, आणि तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी वाचलेलं तू ऐक.

लांबीचा विचार लोक करत नाहीत, तो आधी करावा असं माझं मत आहे. समज, आई मृणालिनी, वडील अनिरुद्ध, आडनाव सहस्रबुद्धे. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यातल्या पहिल्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात. आडनावाची इंग्रजी अक्षरं १३, त्यापुढे ‘<’ अशा २ खुणा, मग मृणालिनी ९, अनिरुद्ध ९ आणि नावांमधल्या २ खुणा. झाले ३५. उरल्या चार जागा. रेवा बरोबर बसते. अनुराधाला आठ अक्षरं लागतात, म्हणजे ओळीच्या शेवटची, वडिलांच्या नावातली चार कापली जाणार. आईवडिलांची नावं अशी लांबलचक असतील तर मुलीला दोन अक्षरी नाव द्यावं. कानालाही तेच बरं वाटतं, एका श्वासात पूर्ण नाव होतं.

आद्याक्षरंही एकदा इंग्रजीत लिहून बघ. सानिका अपर्णा दिनेश म्हणजे एस, ए, डी. त्याचा ‘सॅड’ होतो. आईचं आणि लेकीचं आद्याक्षर एकच असलं तर वडिलांचं नाव आणि आडनावही सारखंच, त्यामुळे बँकेची नि दवाखान्याची पत्रं एकमेकींच्या नावावर जातात.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. लग्नात तांदळात नवीन नाव लिहिलं असेल, तर माहेरचं एक आणि सासरचं दुसरं अशी तुझी दोन नावं कागदोपत्री फिरत असतील. मुलीच्या नावात तुझ्या आधारवर आहे तेच घाल, अक्षर न् अक्षर तसंच. मृणालिनीत ‘आर’नंतर ‘यू’ की ‘आय’, अनिरुद्धच्या शेवटी ‘ए’ आहे की नाही, हे कागद समोर ठेवून ठरव, आठवणीवर नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो. तिथली एक चूक पुढे प्रत्येक कागदावर उतरते.

बारशाच्या दिवशीच सगळं ठरलं पाहिजे असंही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या नोंदीत नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पत्रिकेतलं अक्षर सांभाळायचंय, आजीचंही नाव ठेवायचंय, तर ती पाळण्यातली नावं राहू देत. रोहिणी नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर ‘ओ’ आलं म्हणून दाखल्यावर ओढूनताणून ‘ओ’चं नाव नको. आत्या कानात सांगेल ते नाव घरात प्रेमानं हाक मारायला आहेच. दाखल्यावर पाचवा शब्द वाढवू नकोस.

अर्ज देण्याआधी चारही नावं देवनागरीत आणि इंग्रजीत एका कोऱ्या कागदावर लिही, तुम्हा दोघांची आधार कार्डं शेजारी ठेव आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळव. नोंदणीवाले संगणकावर भरलेलं दाखवतील तेव्हा तो कागद हातात असू दे, आणि छापायच्या आधी तिथेच उभी राहून वाच.

तुझी,
मावशी