गुलमर्गचा उतार व्हिडिओत सपाट का दिसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुलमर्गला १४ दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केलात, हेल्मेटवर गोप्रो लावून जवळजवळ ३ तासांचं चित्रण आणलंत, आणि घरी टीव्हीवर लावल्यावर १० मिनिटांत सगळे उठून गेले. उतार सपाट दिसतो, वेग जाणवत नाही, बर्फ करडा दिसतो. आता एडिटिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तुमच्या कामाला भरपूर आहे. अडचण त्याच्या आधीची आहे. उतार आणि वेग आपल्याला पायांत, पोटात, कानात जाणवतात. कॅमेऱ्याला यातलं काहीच कळत नाही, त्याला ते वेगळ्या मार्गानं दाखवावं लागतं. मलाही हे समजायला दोन हिवाळे लागले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उतार. या कॅमेऱ्यांची लेन्स फार रुंद असते. जवळचं मोठं, लांबचं एकदम लहान, आणि उताराचा अंदाजच येत नाही. त्यात कॅमेरा डोक्यावर असला की आपण खाली बघतो आणि फ्रेममध्ये नुसता पांढरा बर्फ उरतो. क्षितिज नाही, उभी रेष नाही, मग डोळ्यानं उतार मोजायचा कशावरून? गुलमर्गची झाडं इथे फार उपयोगी पडतात. उतार कितीही तिरका असो, झाड सरळ आभाळाकडेच वाढतं. त्याचं खोड आणि बर्फ यांच्यातला कोन म्हणजेच तुमचा उतार. तेव्हा कॅमेरा डोक्यावरून काढा, उताराच्या कडेला उभे राहा आणि मित्राला समोरून आडवा जाऊ द्या, मागे झाडं ठेवून. लेन्स ‘लिनिअर’वर ठेवा आणि क्षितिज सरळ धरणारी सोय चालू करा, म्हणजे खोडं वाकडी दिसणार नाहीत. हा एक शॉट तुमच्या तासभराच्या हेल्मेट-चित्रणाला भारी पडेल.

कडेला म्हणजे खरंच कडेला. उंचवट्याच्या खालच्या बाजूला तर कधीच थांबू नका, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

वेगाचं गणित वेगळं आहे. लेन्सच्या जवळून काय सरकतं त्यावर तो ठरतो. डोक्याच्या उंचीवरून जमीन संथ सरकते. तोच कॅमेरा लहान काठीला लावून गुडघ्याखाली, बर्फापासून हातभर अंतरावर धरला की तोच वेग दुप्पट वाटतो. मित्राच्या थेट मागे नव्हे, त्याच्या बाजूला, किंचित मागे, ३-४ मीटरवर राहायचं. त्याच्या स्कीच्या कडेनं उडणारा बर्फ आणि वाकलेला गुडघा दोन्ही दिसतात. पण मनापासून सांगतो, १४ दिवसांच्या कोर्सनंतर हे करू नका. पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेली वळणं) न बघता घेता यायला लागले की मगच. तोवर उभं राहून घेतलेले शॉट पुरेत.

छातीवरचा पट्टा मला हेल्मेटपेक्षा बरा वाटतो, कारण हात, पोल आणि स्कीची टोकं फ्रेममध्ये येतात. फक्त स्कीइंगच्या पवित्र्यात आपण पुढे झुकतो, म्हणून कॅमेरा घरी उभ्यानं वाटेल त्यापेक्षा बराच वर वळवून ठेवा. हेल्मेटला चिकटवायचा माउंट लावायचाच असेल तर तो खोलीच्या ऊबेत, किमान आदल्या दिवशी लावा. मी एकदा सकाळी उतारावर उभं राहून गारठलेल्या हेल्मेटवर चिकटवला. दुपारपर्यंत कॅमेरा बर्फात गेला होता, तो आजतागायत मिळालेला नाही. तेव्हापासून दोरी बांधल्याशिवाय मी निघत नाही.

आता करडा बर्फ. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं सरासरी करडं धरून चालतं, म्हणून पांढऱ्यानं भरलेली फ्रेम तो उगीच काळवंडतो. ढगाळ दिवशी एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, अर्धा स्टॉप (कॅमेऱ्यात +०.५) वर न्या. कडक उन्हात मात्र शून्यावरच ठेवा आणि एडिटिंगमध्ये उजळवा, कारण एकदा बर्फ जळून पांढराफटक झाला की त्यातले बारकावे परत येत नाहीत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढरा दाखवणारी सेटिंग, ऑटोवर नको. उन्हात ५५०० केल्व्हिनला बांधून टाका, नाहीतर एकाच घसरणीत बर्फ निळा-पिवळा होत राहतो. सावलीतला बर्फ थोडा निळा दिसेल, तो तसाच असू द्या, डोळ्यालाही तसाच दिसतो.

यापेक्षाही महत्त्वाची आहे वेळ. सकाळचं किंवा तीननंतरचं तिरकं ऊन बर्फावरच्या प्रत्येक रेघेची सावली पाडतं. भर दुपारी तोच उतार कोऱ्या कागदासारखा दिसतो. आभाळ भरून आलं तर वर अफरवट शिखराकडे जाऊन उपयोग नाही, खाली झाडीत उतरा.

शटरच्या वेगाबद्दल इंटरनेटवर एक सल्ला सर्रास मिळतो: तो फ्रेमरेटच्या (सेकंदाला किती फ्रेम्स) दुप्पट ठेवा, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. सिनेमासाठी तो बरोबर आहे. पण स्टॅबिलायझेशन, म्हणजे कॅमेऱ्यातली हादरे घालवणारी सोय, फ्रेम हलवून हिसका काढतं, फ्रेममध्ये उमटलेला हिसक्याचा धूसरपणा काढू शकत नाही. मग चित्र स्थिर, पण मधूनच पुसट झालेलं दिसतं. उन्हात फिल्टर न लावता शटर जलदच राहू द्या. सेकंदाला ६० फ्रेम्सवर घ्या, म्हणजे हवं तिथे अर्ध्या वेगानं दाखवता येईल.

गोंडोलाच्या (केबल कारच्या) दमट केबिनमध्ये गार लेन्सवर वाफ धरते, हॉटेलात बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, तर जास्तच. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. लेन्सवर बर्फ बसला तर फुंकर मारू नका, तिथेच गोठते. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या ऊबेत.

आणि आवाज फेकू नका. सगळ्यावर गाणं चढवलं की कडक बर्फावर स्कीची कड घासते तो खरवडल्यासारखा आवाज जातो, आणि वेग त्यातच आहे. मायक्रोफोनवर वारा फार बसत असेल तर उभं राहून तो आवाज वेगळा मुद्रित करा आणि शॉटखाली जोडा.

३ तासांतून ३ मिनिटं काढायची आहेत. एक शॉट ३ ते ५ सेकंद. मित्र डावीकडे वळत असताना कापलंत, तर पुढचा शॉट उजव्या वळणापासून सुरू करा. लय तुटत नाही. मधे माणसं येऊ द्यात: बूट घालताना लाल झालेलं तोंड, पडल्यावर उठतानाची धडपड, कहव्याचा (काश्मिरी चहाचा) पेला धरलेले हातमोजे. तुमच्या आईला टर्नपेक्षा हेच बघायचं असतं.

आहे त्या चित्रणातून आधी शेवटच्या दोन दिवसांचंच उघडा. ज्या तुकड्यात झाड, माणूस किंवा सावली आहे तेवढेच ठेवा, असे दहा निवडून इथे टाका. रंगाचं त्यांच्यावर बोलू.