वाचकांचे प्रश्न : आपल्या पंधरा जणांनी काय होणार?

प्रश्न : आमचा पंधरा जणांचा गट दर पावसाळ्यात झाडं लावतो. यंदा बैठकीत एका मुलीनं विचारलं, "हवामान बिघडवलं मोठ्या देशांनी. आपल्या पंधरा जणांनी काय होणार?" मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर : त्या मुलीला गटात टिकवा. तिचं अर्धं खरंच आहे. कारखान्यांचा धूर तुमच्या रोपांनी थांबत नाही. पण संकट दाराशी येतं तेव्हा हाक मारायला पंधरा जण पुष्कळ होतात.

नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकलं. तीन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली. वादळाची कल्पना हवामान खात्याला होती. झोपड्यांपर्यंत ती नीट पोचलीच नाही. १९७२ पासून सरकार आणि रेड क्रॉसनं तिथे गावोगाव स्वयंसेवक उभे केले. निशाण, भोंगा आणि दारोदार जाऊन मारलेली हाक, ही त्यांची मुख्य साधनं. २०२० च्या अम्फान वादळाआधी तिथे वीस लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि बळी शंभराच्या आत राहिले. पक्के निवारे आणि उपग्रह यांचाही त्यात मोठा वाटा आहे. तरी आज त्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. परक्या पुरुषाच्या सांगण्यावरून घर न सोडणारी बाई ओळखीच्या बाईबरोबर निघते.

आमच्या गटानं पहिल्या पुरात सगळ्यांना फोन केले. एका आजोबांना ऐकू येत नव्हतं, ते घरातच राहिले. शेजारच्या मुलीला आठवलं म्हणून वाचले. त्यानंतर आम्ही वही केली : कोण अंथरुणाला खिळलंय, कोण गरोदर आहे, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, कुणाला उचलायला दोघं लागतात. विचारूनच लिहायचं, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा घरोघर जायचं. कारण माणसं हलतात, आजारी पडतात, जातात.

झाडं लावणं सोडू नका. केनियात वंगारी मथाईंनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या चळवळीत बायकांना जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळत. तुम्हीही आधी गेल्या वर्षीची किती जगली ते मोजा.

नाले साफ करण्याचं काम मात्र अंगावर घेऊ नका. ते ज्यांचं आहे त्यांना लेखी विचारा, पोच घ्या, पावसाआधी पुन्हा विचारा.

आणि वहीची दुसरी प्रत उंचावरच्या घरात ठेवा. आमची पहिली वही पुरातच भिजली.