ग्रिफिथने डीएनए सिद्ध केला का?

भावा, तुझ्या बारावीच्या नोट्समध्ये 'डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य हे ग्रिफिथने सिद्ध केले' असं वाक्य आहे आणि ते बरोबर का, असं तू विचारलंस. चूक आहे. खोडून टाक.

१९२८ साली ग्रिफिथने न्यूमोनियाचे उष्णतेने मारलेले कवचवाले एस जिवाणू आणि बिनकवचाचे जिवंत आर उंदरांना एकत्र टोचले. यातलं कुठलंही एक एकटं टोचलं तर उंदीर मरत नाहीत. उंदीर मेले, रक्तात जिवंत एस मिळाले. नोट्स इथे नेमकी एक गोष्ट गाळतात: मारलेले एस टाइप ३ (टाइप म्हणजे कवचाचा प्रकार) होते, आर मात्र टाइप २ पासून आलेले. आर आपणहून बदलले असते तर टाइप २ झाले असते. मिळाले टाइप ३. म्हणजे मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेलं. काय गेलं, ते ग्रिफिथला कळलं नव्हतं.

ते शोधलं एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, १९४४. कल्चर ७५ लिटर, म्हणजे दुधाचे चाळीस लिटरी जवळजवळ दोन कॅन; हाती शुद्ध अर्क १० ते २५ मिलिग्रॅम. आपल्या गुऱ्हाळात रानभेंडीचा रस घालून काहिलीवरची मळी काढत राहतात, तसलाच खटाटोप. क्लोरोफॉर्म घालून हलवलं की प्रथिनं मधल्या थरात साचतात. तो थर दिसेनासा होईपर्यंत काढायचा. कवचाची शर्करा एन्झाइमने पचवायची, कारण संशय तिच्यावरही होता. शेवटी थेंबथेंब अल्कोहोल, आणि काडीभोवती धागे गुंडाळले जातात. ट्रिप्सिन (प्रथिन तोडणारं एन्झाइम) किंवा रायबोन्यूक्लिएज (आरएनए तोडणारं) घातलं तरी हा अर्क आरला एस करत राहिला. डीएनए तोडणारं एन्झाइम घातलं की थांबला.

तरी 'एखाद-दोन टक्के प्रथिन उरलं असेल' हा आक्षेप राहिलाच.

१९५२ चा हर्शे-चेस प्रयोग तू पाठ केलाच असशील: विषाणू जिवाणूच्या आत प्रथिन सोडतो की डीएनए, हे किरणोत्सारी खुणा लावून पाहायचं. गंधक-३५ प्रथिनासाठी, कारण डीएनएत गंधक नसतं; फॉस्फरस-३२ डीएनएसाठी. कार्बन वापरला असता तर दोन्हीत गेला असता, काहीच वेगळं करता आलं नसतं. ब्लेंडर जिवाणू फोडत नाही, बाहेर चिकटलेली विषाणूंची टरफलं झटकतो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून जड-हलकं वेगळं करणारं यंत्र) जड जिवाणू तळाशी, टरफलं वरच्या द्रवात. फॉस्फरस बहुतेक तळाशी मिळाला, गंधक बहुतेक वर; म्हणजे आत डीएनए गेला. फार उशीर केला तर जिवाणू फुटून नवे विषाणूही वर येतात आणि आकडे बिघडतात. तसंही सुमारे २० टक्के गंधक जिवाणूंसोबत राहिलंच. शुद्धतेत हा प्रयोग एव्हरीच्या पासंगालाही पुरत नाही. तरी हर्शेला १९६९ चं नोबेल मिळालं, एव्हरीला कधीच नाही.