विस्तव आधीच पेटलेला होता

प्रिय बाळ,

ख्रिस्ताच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचून हसलो, रागावू नकोस. उपवासकाळात रोज एक सत्कृत्य करायचं, रात्री वहीत खूण करायची, आणि बाराव्या दिवशी खुणेजोगं काही घडलं नाही म्हणून तू हिरमुसलास. अशी वही माझ्याकडेही होती, मनातली. तिचा हिशेब कसा चुकतो ते सांगतो.

मी बसवर कंडक्टर होतो तेव्हाची गोष्ट. मे संपत आला होता. एक मासेवाली मावशी पाटी घेऊन चढली आणि पाटीतलं पाणी एका प्रवाशाच्या बुटांवर ठिबकलं. तो ओरडला. मी त्याचीच री ओढली आणि मावशीला भर उन्हात मधेच उतरवलं. बाजार अजून लांब होता. उन्हात मासळीचं काय होतं हे किनाऱ्यावर वाढलेल्या मला कोणी शिकवायला हवं होतं का? त्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनाविधीला) पुढच्या बाकावर बसलो, दानपेटीत नोट टाकली. माझी वही भरलेली होती!

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला, मासळी अंड्यावर आलेली, तेव्हा नियम रास्तच. पण घरातली चूल थोडीच बंद राहते? मग मावश्या सुकट, सोडे, खारे बांगडे घेऊन दारोदार फिरतात. तेव्हा दहा रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. पाटी उतरवायला हात लाव (भरली पाटी एकटीने डोक्यावरून उतरवणं काय असतं, बघ एकदा), ओटीवर टेकू दे. मत्तयाच्या शुभवर्तमानात गार पाण्याच्या एका प्याल्याचंही मोल सांगितलंय. पावसाळ्यात चहा दिलास तरी चालेल.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय काढ. रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तर पुनरुत्थित प्रभूने कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर आधीच ठेवलेली. आधी म्हणतो, या, न्याहारी करा. अशाच कोळशाच्या विस्तवापाशी त्या शिष्यांतल्या पेत्राने त्याला नाकारलं होतं, मी याला ओळखत नाही म्हणून. तो विषय खाणं झाल्यावर निघतो. लोकांना त्या अध्यायात शेवटी जाळ्यात आलेले १५३ मासे आठवतात, मला तो विस्तव आठवतो. रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, गेलायस ना? पहाटेच्या वाऱ्यात वाळूवर काडी पेटवून बघ म्हणजे कळेल.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. घ्यायलाही शीक. मला ते फार उशिरा जमलं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात माझ्या घराची कौलं उडाली. ताडपत्री घेऊन पहिला धावला तो शेजारचा भजनीबुवा. आपली चर्चची मंडळी मागाहून आली. मी ताडपत्रीचे पैसे विचारले तर बुवा असा चिडला की दोन दिवस बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत माल्टा बेटावरच्या परक्या लोकांनी फुटल्या तारवातल्या २७६ जणांसाठी पावसात शेकोटी केली. त्या तारवातल्याच प्रेषित पौलाने पैसे विचारले नाहीत, काटक्या गोळा करू लागला.

वही मात्र फेकू नकोस. खुणांऐवजी तिच्यात वाडीतली नावं लिही. कोणाची रक्तदाबाची गोळी कधी संपते, कोणाला पेन्शनचा फॉर्म भरता येत नाही, कोणाचा मुलगा मुंबईहून फोन करत नाही. काम झालं की ओळ खोडून टाक.

माझ्या वहीत त्या मावशीसाठी जागा ठेवलीय. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

तुझा,
काका