भुरी गुरगुरते ते बंद करू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा व्हिडिओ चारदा पाहिला. तुझी कुत्री भुरी हाडूक चघळतेय, तू जवळ जातेस, ती गुरगुरते, तू ओरडतेस, ती हाडूक टाकून कोपऱ्यात जाते. खाली तू लिहिलंस, ‘ट्रेनर म्हणाले, आत्ताच मोडून काढा, नाहीतर डोक्यावर बसेल.’ चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, आणायची की नाही, एवढाच तुझा प्रश्न. आणू नकोस. आणली असशील तर भंगारात दे.

का, ते सांगायचं तर माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल. तीसेक वर्षांपूर्वी मी कुत्री शिकवण्याच्या या धंद्यात नवा होतो. शिकलो होतो ते एवढंच : साखळीला झटका आणि चढा आवाज. एका घरी डॉबरमन होता. ताटलीपाशी कुणी आलं की गुरगुरायचा. गुरगुरला की मी झटका द्यायचो. तीन आठवड्यांत आवाज बंद. मालक इतके खूश की फीच्या वर पेढ्यांचा पुडाही दिला. दोन महिन्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची भाची आली. चेंडू गडगडत ताटलीजवळ गेला, पोर उचलायला वाकली. तो गुरगुरला नाही. थेट गालाला लागला. सहा टाके. घरातले सगळे म्हणत होते, ‘आवाजसुद्धा न करता चावला हो!’ आवाज न करायला मीच शिकवलं होतं. ताटली कुणीतरी हिसकावेल ही त्याची धास्ती होती तशीच होती, मी फक्त तिचं तोंड बांधलं होतं. पेढे त्यानंतर बरीच वर्षं घशाखाली उतरत नव्हते.

आता तुझा व्हिडिओ आवाज बंद करून बघ. गुरगुरणं अकराव्या सेकंदाला आहे, पण भुरी चौथ्या सेकंदापासून बोलतेय. तू दारात आलीस तशी तिचं चघळणं थांबलं, मान हाडकावर तशीच, अंग ताठ. मग मान न हलवता नुसता डोळा तुझ्याकडे वळला, कडेचं पांढरं दिसलं. मग ती घाईघाईनं चघळायला लागली. मग एकदा जिभेनं नाक चाटलं, जवळ खायला दुसरं काही नसताना. चारदा सांगूनही तू पुढे आलीस, म्हणून पाचव्यांदा तिनं आवाज केला. माझ्या मते भारी सोशिक पोरगी आहे.

कोपऱ्यात जाऊन ती ‘अपराध्यासारखं तोंड करते’ असं तू लिहिलंस. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी 2009 साली नेमकं हेच तपासलं. चौदा कुत्री, समोर खाऊ आणि ‘खायचा नाही’ अशी ताकीद. मालक बाहेर गेला की कधी कुत्र्याला तो खाऊ द्यायचा, कधी उचलून घ्यायचा, आणि मालकाला मात्र कधी खरं सांगायचं, कधी खोटं. ते ओशाळं तोंड मालक रागावला की दिसायचं, मग कुत्र्यानं खाल्लेलं असो वा नसो. उलट निर्दोष कुत्र्याला बोलणी बसली तर ते जास्तच दिसायचं. भुरीलाही त्या कोपऱ्यात आपली चूक कळलेली नाही. ताई चिडली, एवढं कळलंय.

‘डोक्यावर बसेल’ हे कुठून आलं, तेही जाता जाता सांगतो. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकांनी 1947 साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडलेले, ते भांडणारच. त्यावरून ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना पसरली. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात ती उचलली, आणि पुढे जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999 साली स्वतःच लिहिलं की तसं नसतं, तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकांच्या मागे लागले होते. आपल्याकडचे ट्रेनर अजून ते कुंपणातले लांडगे घेऊन बसलेत. आणि भुरी तर लांडगाही नाही, तुमच्या पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी कुत्री आहे.

तर करायचं असं. तिच्याकडे हाडूक असेल तेव्हा लांबून जा, इतक्या लांबून की तिचं चघळणं थांबणार नाही. जाता जाता हाडकापेक्षा भारी काहीतरी तिच्याकडे टाक आणि चालती हो. थांबायचं नाही, लाडानं बोलायचं नाही. तुमच्या घरात चिकन चालत नाही, मग पनीर घे, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे कर. दिवसातून तीन-चारदा, बास. काही दिवसांनी तू दिसलीस की तिची मान वर येईल, अंग सैल असेल, शेपटी मोकळी हलेल. मग एक पाऊल जवळून जा. अंग परत ताठलं तर घाई झाली, दोन पावलं मागे. असं करत अगदी जवळ पोचलीस की देवाणघेवाण सुरू कर : ‘दे’ म्हण, पनीर पुढे कर, तिनं हाडूक सोडलं की उचल, आणि लगेच तिचं तिला परत दे. या परत देण्यात लोक कंजुषी करतात. ‘दे’ म्हटल्यावर आपलं जात नाही, उलट पनीर मिळून वर हाडूकही आपलंच राहतं, हे तिच्या अंगवळणी पडलं की पुढे कधी खरंच काही काढून घ्यावं लागलं तर ती देईल. तोवर हाडूक आतल्या खोलीत, दार लावून. चपला कपाटात. शेजारची मुलं आली की ती आणि हाडूक एका खोलीत नकोत.

तिला ‘बैस’ शिकवतेस त्या बाबतीत तुझा हात उशिरा पोचतो. ती बसते, तू खिसा चाचपतेस, तोवर ती उठलेली असते आणि पनीर उठण्याला मिळतं. म्हणून बूड टेकलं त्याच क्षणी एक ठरलेला शब्द म्हण, ‘हां!’ चालेल, मग सावकाश खिशात हात घाल. आधी पाच मिनिटं नुसतं ‘हां’ आणि पनीर, ‘हां’ आणि पनीर, म्हणजे शब्दाला किंमत येते. डॉल्फिनवाले शिट्टी आणि मासळीवर हेच करत आले. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, म्हणून त्यांना डोकं चालवावं लागलं.

आजी ‘खाऊची लाच कशाला’ म्हणतात ना? त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमच्या घरातल्या सगळ्यात तरबेज ट्रेनर तुम्हीच. ताटाशी भुंकलं की पोळीचा तुकडा, हे त्यांनी भुरीला चार दिवसांत पक्कं शिकवलंय. तोच तुकडा ती चटईवर गप्प बसल्यावर द्यायला सांग. मनुके आणि कांदा मात्र कधीच नाही, शिऱ्यातला बेदाणासुद्धा नाही.

गावठीला शिकवून काय उपयोग, असं तुझे घरातले काका म्हणाले. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र यांच्या चमूनं रस्त्यावरच्या, कधीच न शिकवलेल्या कुत्र्यांना बोटानं वाडगं दाखवून पाहिलं. जी जवळ आली, त्यातली बरीचशी बोटाच्या दिशेनं गेली. काकांना एवढं ऐकव, वाद घालू नकोस.

एक राहिलं. हे सगळं सुरू करण्याआधी तिला डॉक्टरांकडे ने. महिन्याभरापूर्वी गुरगुरत नव्हती, असं तूच लिहिलंस. कान दुखत असेल, दाढ दुखत असेल. दुखणाऱ्या अंगावर माझं पनीर चालायचं नाही. आणि कधी दात लागलाच, अगदी ओरखडा जरी आला, तर जखम साबण-पाण्यानं वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. हळद-चुना नको.

दहा-बारा दिवसांनी नवा व्हिडिओ पाठव. फोन आडवा धर आणि खाली जमिनीलगत ठेव, मला तिचं तोंड बघायचंय. मागच्या वेळी निम्मा वेळ तुझी चप्पलच दिसत होती, ती एका बाजूनं खाल्लेली.

तुझा,
काका