गावातल्या छोट्या संग्रहालयात गावचेच लोक यावेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ग्रामस्थांनी मिळून एका जुन्या घरात स्थानिक इतिहासाचं संग्रहालय थाटलं, उद्घाटनाला मांडव भरला आणि आता महिनाभरात वहीत नऊ सह्या आहेत. नऊ वाईट नाहीत. गोव्यात डिचोली तालुक्यात आमच्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही असंच दालन उघडलं, तेव्हा दुसऱ्या महिन्यात सात सह्या झाल्या. त्यातली एक विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाची.

आमचं काय चुकत होतं ते एका आजींनी दाखवलं. एका जुन्या मापापुढे आम्ही ‘पायली’ अशी छापील पट्टी लावली होती. आजी नातवाला घेऊन वाचनालयात आल्या होत्या, सहज जिना चढून वर आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘‘ही पायली न्हय रे पुता, हो कुडव. वीस कुडवांची खंडी.’’ मी ओशाळून पट्टी काढायला लागलो तर म्हणाल्या, थांब, आधी तांदूळ आण. वाचनालयात तांदूळ कुठले! शेजारच्या घरून सूपभर आणले. त्यांनी माप भरलं, तळव्याच्या कडेने वरचं सपाट केलं आणि ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हटलं. मग दोन, तीन. धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात हे ऐकून होतो, पण तो हात कसा फिरतो ते पाहिलं नव्हतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरी जायचं ते शिगोशीग आणि मजुरीचं यायचं ते हात फिरवून, हेही त्यांनीच सांगितलं. पंधरा मिनिटांत जिन्यावर आठ माणसं उभी.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच वस्तू नावाशिवाय टेबलावर मांडतो. बाजूला कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल (न बांधलेली तीन गेली). हे काय, कुणाच्या घरी होतं, कशाला वापरायचे, एवढंच लिहायचं. माणसं भांडतात. भांडू द्या. एकाच वस्तूला दोन वाड्यांवर दोन नावं निघाली तर पट्टीवर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याला विचारून त्याचंही नाव घाला. आपलं नाव भिंतीवर लागलंय म्हटल्यावर माणूस पाहुण्यांना घेऊन येतो.

मोठा इतिहास मांडायच्या फंदात पडू नका. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कचा पुतळा आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग बघायला जुन्या गोव्यात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. कदंबकाळातले अवशेष पिलारच्या सेमिनरीत आहेत. शेतीची अवजारं बघायला बाणावलीचं ‘गोवा चित्र’, तिथे ४,०००हून जास्त वस्तू आहेत आणि इमारतीलाच पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या वापरल्यात. कार्यकर्त्यांना एकदा तिथे नेऊन आणा, मांडणी शिका. पण त्याची छोटी प्रत घरी काढू नका. आम्ही काढली होती: कदंब, आदिलशाही, पोर्तुगीज, १९६१, चार फ्लेक्स. शाळेच्या पुस्तकातलं वाचायला जिना कोण चढणार?

आमचं सगळ्यांत चाललेलं प्रदर्शन म्हणजे जत्रेतली नाटकं. तुमच्याही गावात देवळासमोर हौशी मराठी नाटक होतच असणार. आम्ही फक्त निरोप फिरवला, की घरात जुनी नक्कल (नटाने उतरवून घेतलेली आपल्या पात्राची वाक्यं), जाहिरात, फोटो, मिशा, काही असेल तर आणा. पहिल्या दिवशी पेपरमिंटच्या डब्यात ठेवलेलं काजळ आणि एक नक्कलवही आली. वहीत एका पात्राचीच वाक्यं, समोरच्याच्या वाक्याचे फक्त शेवटचे दोन-तीन शब्द आणि समासात पेन्सिलने ‘इथे रडणे’. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. गावचा रेशनवाला आपल्या वडिलांचा स्त्रीपार्टीतला फोटो बघून आधी हसला, मग खुर्ची मागून बसला. समारोपाला तीन म्हाताऱ्या नटांनी त्या नकलांवरून एक प्रवेश वाचला. प्रॉम्प्टरची गरज वाचणाऱ्यांना नव्हती, ऐकणारेच पुढची वाक्यं म्हणत होते. त्या संध्याकाळी सह्यांची वही संपली.

चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीचा, कार्यक्रम करा. खर्च नाही. कांगलां, कवंडळ, घागऱ्या अशी रानची फळं-फुलं मांडायची, मुलांनी नावं ओळखायची आणि चुकल्यावर वडीलधाऱ्यांनी सांगायची. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, १९७७पासून पाळतात. आमच्याकडे तो सोयीचा, कारण मुलांना सुट्टी असते आणि मुंबईकर नातेवाईक घरी आलेले असतात.

मोडी वाचनाचा दिवसही ठेवला होता, त्याबद्दल मात्र सावध करतो. लोक कागद पिशवीत घेऊन आले आणि पिशवी मांडीवरच धरून बसले. बरोबर आहे. गोव्यात जुना कागद म्हणजे जमीन, भावकी आणि भाटकार-मुंडकार (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा). मुंडकार कायदा १९७५चा, पण त्यातले वाद अजून चालू आहेत. म्हणून आम्ही नियम केला: कागद मालकाच्या हातातच राहणार, वाचणारा त्याच्या कानाशी वाचणार, फोटो तो म्हणेल तेव्हाच. पहिल्या वर्षी दोघांनी फोटो काढू दिले, तिसऱ्या वर्षी अकरा जणांनी.

फोटोंचंही तसंच. मूळ प्रत मागूच नका. स्कॅनर टेबलावर ठेवा आणि माणूस चहा पिईपर्यंत फोटो त्याच्या हातात परत द्या. माझ्या मावशीने एका संस्थेला प्रदर्शनासाठी आजोबांचा एकुलता एक फोटो दिला होता. अजूनही विचारलं की ‘शोधतो’ म्हणतात. मावशी आमच्याकडेही काही देत नाही, आणि तिचं बरोबर आहे. वस्तू ठेवून घेणार असाल तर दोन प्रतींत पावती हवी: वस्तूचं वर्णन, आधीचे ओरखडे-चिरा, दान की उसनी, उसनी असेल तर परतीची तारीख, दोन्ही सह्या. तोंडी ‘असू दे तुमच्याकडे’ चालत नाही. माणूस गेल्यावर मुलगे विचारायला येतात.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर लाकूड भिंतीला टेकवू नका, खाली विटा द्या, दर आठवड्याला वाळवी बघा. कागद आणि कापडाला प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर नको, म्हणून ती नक्कलवही आम्ही दोनच आठवडे मांडली, नंतर झेरॉक्स. तांब्या-पितळेची भांडी उत्साहाने चिंच लावून कुणी घासू नयेत एवढं पहा. आमच्या एका घागरीवरचं कोरलेलं नाव एका सेवाभावी बाईंनी चतुर्थीच्या तयारीत जवळजवळ पुसलं. रागावता येईना, घागर त्यांच्याच आजीची.

पावतीचा मजकूर हवा असेल तर सांगा, आमचा टाकतो.