क्रोम, अ‍ॅल्युमिनियम की नुसतं प्लास्टिक?

गाडीवरचा हट्टी मळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरची जुनी प्रीमियर पद्मिनी समुद्राजवळ उभी असते. बंपरवर तपकिरी ठिपके आणि डांबराचे काळे थेंब घट्ट बसलेत. साबणाने हलत नाहीत. तारेच्या घासणीने घासलं तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. घासणी भांड्यांपुरतीच ठेवा. पद्मिनीचा बंपर पोलादी पत्र्याचा, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. हा क्रोम बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो कठीण असला तरी त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. खारी हवा तिथून आत शिरते आणि खालचं पोलाद गंजून ठिपका वर येतो. घासणीने ओरखडे पाडले की गंजाला आणखी वाटा मिळतात.

आधी पाण्याच्या जोरदार धारेने वाळू आणि मीठ घालवा. पाच लिटर पाण्यात दोन टेबलस्पून कार शाम्पू घालून धुवा आणि पुसून कोरडं करा. डांबराच्या थेंबांवर रॉकेलमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये बुडवलेली चिंधी दोन-तीन मिनिटं दाबून धरा. डांबर फुगून मऊ पडतं, मग न घासता उचलून घ्या. नंतर पुन्हा शाम्पूने धुवा, नाहीतर त्या तेलकटपणावर धूळ बसते.

आता ठिपके. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा हाताच्या पंजाएवढा तुकडा चुरगळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने फिरवा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून गंज खरवडला जातो आणि क्रोम शाबूत राहतो. काही सेकंदांत करडी-तपकिरी लापशी सुटेल. ती लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण सुटलेला गंज त्यातच फिरवत राहिलात तर तोच पॉलिश पेपरसारखा काम करतो. फॉइल कोरडी कधीच घासू नका. शेवटी क्रोम पॉलिश आणि वर मेणाचा पातळ हात. समुद्रकाठी हे मेण दर दोन महिन्यांनी लावायला हवं.

नखाला पापुद्रा लागत असेल, फोड आले असतील, तर साफसफाईची वेळ गेली. तिथे जुना थर उतरवून नव्याने प्लेटिंग करून घेणं एवढाच इलाज. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : बंपर काढून मागची बाजू बघा. समोरून आरसा आणि मागून गंजाचे पोपडे, असं हमखास निघतं. मागे पोपडे खरवडून रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या तांबड्या प्राइमरचे) दोन हात द्या.

प्रश्न : पावसात रेनकोट बुलेटच्या सायलेन्सरला चिकटून वितळला. आता तिथे काळा, चिवट डाग आहे. मित्र म्हणतो, नाली साफ करायची पावडर पाण्यात कालवून लाव.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राचं ऐकू नका. त्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. क्रोम तो सोसेल, पण थेंब इंजिनच्या कव्हरवर ओघळला तर अ‍ॅल्युमिनियम खाऊन काळा करेल.

जे उष्णतेने चिकटलं, ते उष्णतेनेच सोडवा. गाडी उघड्यावर मेन स्टँडला लावून दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. थर लवचिक झाला की इंजिन बंद करा. जाड हातमोजे घालून लाकडी उलथन्याच्या कडेने तो एका दिशेने ढकला. धूर येऊ लागला तर जास्त तापलंय, थांबा. रेनकोट बहुधा पीव्हीसीचा असतो आणि जळताना त्याचा धूर घशाला झोंबतो. स्क्रूड्रायव्हर किंवा ब्लेड वापरलंत तर डाग जाईल आणि ओरखडा राहील.

उरलेल्या पातळ सावलीसाठी सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. मग अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन पुसा. गरम नळीवर ते पेट घेऊ शकतं. सायलेन्सर काळ्या मॅट रंगाचा असेल तर हे करूच नका, रंगही उतरेल. नळीच्या वळणावरचा निळा-पिवळा रंग मात्र मळ नव्हे. तो तापल्याचा रंग आहे. पॉलिशने फिका होतो आणि पुन्हा येतो.

प्रश्न : खिडक्यांभोवतीच्या चंदेरी पट्टीवर खडूसारखे पांढरे डाग पडलेत. घरी बोअरचं पाणी आहे, गाडी मात्र बाहेर धुऊन घेतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : इथे दोन शक्यता आहेत. एक, क्षाराचा थर. दोन, पट्टी अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कडक ऑक्साइडचा थर चढवलेल्या, अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि धुलाईच्या तीव्र अल्कधर्मी फेसाने तिचं संरक्षक आवरण खाल्लं असेल.

निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी असं करून फडकं एक मिनिट डागावर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि वाळू द्या. वाळल्यावरही स्वच्छ दिसलं, तर क्षार होता. ओलं असताना डाग नाहीसा, वाळलं की परत, असं झालं तर आवरण गेलंय. हलका धुरकटपणा अ‍ॅनोडाइज्ड धातूसाठीच्या पॉलिशने निघतो. एका कोपऱ्यात करून बघा : पांढरं फडकं लगेच काळं झालं तर तुम्ही उघडं अ‍ॅल्युमिनियम घासताय, थांबा. खोल डागांवर पट्टीला काळी व्हायनिल फिल्म लावून घेणं स्वस्तात पडतं. टॉयलेट क्लीनर अशा कुठल्याही पट्टीला लावू नका. त्यातल्या आम्लाने स्टीललाही खड्डे पडतात.

प्रश्न : गाडीच्या डिकीवरच्या अक्षरांच्या खाचांतला मळ कसा काढायचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जुना मऊ टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी, पार कोपऱ्यात कापूस गुंडाळलेली टूथपिक. ही अक्षरं बहुधा क्रोम चढवलेल्या प्लास्टिकची असतात : बोट लावल्यावर धातूसारखी गार लागत नाहीत. तेव्हा थिनर नको, पेट्रोल नको. प्रेशर पंपाची धारही हातभर लांबूनच, नाहीतर अक्षरं चिकटवणारा मागचा टेप सुटतो.